इटली रेल्वेने, सासूबाईंसकट. मे अखेर ते जून. जाऊन आलेल्यांनी सांगावं

सातरस्ता_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी शाळेत इतिहास शिकवते. मिस्टरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. लेकाची बारावी आणि सीईटी मेमध्ये आटोपेल. सासूबाई सत्तरीला टेकल्यात, गुडघे कुरकुरतात, पण "मला घरी ठेवून जाल तर बघा" असा दम आधीच देऊन झालाय. असे आम्ही चौघं. मेच्या शेवटी निघायचं आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आत परत यायचं, असं घाटतंय.

इटलीच का? तर रोम, फ्लोरेन्स, प्रबोधनकाल हे इतकी वर्षं खडूने फळ्यावर लिहिलंय, की एकदा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय चैन पडणार नाही. एका टूरवाल्याचं पॅकेज मागवलं होतं. नऊ दिवसांत सात शहरं, सगळं बसने. पिसाला ‘फोटो स्टॉप ४५ मिनिटं’. फ्लोरेन्सला बसमध्ये बसूनच शहराभोवती चक्कर, खाली उतरणं ‘वेळ उरल्यास’. एवढे लाख मोजून काचेतूनच बघायचं तर घरचा टीव्ही काय वाईट आहे?

म्हणून रेल्वेने, आपलं आपण जायचं मनात आहे. कागदावर मांडलंय ते असं: रोम दोन रात्री, फ्लोरेन्स दोन, पिसा एक, सिएना एक, बोलोन्या एक, व्हेनिस दोन, मिलान एक. हे बघून मिस्टर म्हणाले, "शहरं बघायला चाललीस की हॉटेलं?"

तर सांगा: हा मार्ग जमेल का? पास काढावा की सुटी तिकिटं? सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही, त्यांनी खायचं काय? आणि ऊन किती असतं? सोलापूरकराला उन्हाची भीती घालू नका, पण खरं सांगा.

माजी_टीसी

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. मुद्द्याचं तेच बोलले.

जन्मभर लोकांची तिकिटं तपासली, त्यामुळे परदेशात गेलो तरी माझा डोळा आधी फलाटावर जातो, मग चर्चवर. आम्ही दोघं असेच उन्हाळ्यात इटलीला गेलो होतो. तेव्हा बघितलं ते एवढंच की इटलीत गाडीचा प्रवास माणसाला थकवत नाही, मुक्काम हलवणं थकवतं. सकाळी खोली सोडायची, दुपारपर्यंत दुसरी मिळत नाही, मधले तास बॅगा ओढत काढायचे. असं रोज केलंत तर सासूबाई तिसऱ्या दिवशी हात जोडतील. म्हणून मुक्काम कमी ठेवा आणि तिथून रोज रिकाम्या हाताने गाडीने जाऊन संध्याकाळी परत या.

माझ्या मते मुक्काम चारच ठेवा. रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या आणि शेवटी व्हेनिस. पिसा आणि सिएना फ्लोरेन्सहून होतात. मिलान सरळ काढून टाका. विमान तिथून असेल तर गोष्ट वेगळी. जाताना रोमला उतरा आणि परतीचं विमान व्हेनिसहून धरा, म्हणजे उलटं रोमला यायला नको.

बोलोन्याला तुम्ही एक रात्र दिलीय, तिथे मात्र अन्याय केलात. टूरवाले हे शहर सहसा घेत नाहीत आणि रेल्वेने फिरणाऱ्याला याच्यासारखी जागा नाही. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाड्यांचं हे मोठं जंक्शन. मोदेना, पार्मा, फेरारा, राव्हेना, पादोव्हा, व्हेरोना, सगळीकडे इथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शहरात फुटपाथांवर कमानींचे छतवाले व्हरांडे आहेत, सगळे मिळून ६२ किलोमीटर, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेले. जूनमध्ये भर दुपारी सावलीतून चालत राहायचं, टोपीची गरज नाही. विद्यापीठ १०८८ सालचं. तुम्ही इतिहासाच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. फक्त खोली घेताना तारखा बघा, तिथे व्यापारी प्रदर्शन असलं की हॉटेलांचे दर दुप्पट होतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बोलोन्या स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर एक घड्याळ आहे, ते कायम १०:२५ दाखवतं. आधी मला वाटलं, बंद पडलंय, दुरुस्त करायला कुणाला वेळ नाही. मग आत प्रतीक्षागृहात गेलो. २ ऑगस्ट १९८० ला, ऐन सुट्टीच्या गर्दीत, तिथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. भिंतीला पडलेलं भगदाड काच लावून तसंच ठेवलंय, शेजारच्या संगमरवरावर नावं आणि नावांपुढे वयं. लहान मुलांचीही. त्याच खोलीत आजही लोक बॅगेवर पाय टाकून गाडीची वाट बघत बसतात. मी बराच वेळ ती नावं वाचत उभा होतो, बायको गाडी चुकेल म्हणून हाका मारत होती. स्टेशनात जाल तेव्हा पाच मिनिटं काढा.

आता गाड्यांचं. ढोबळ दोन प्रकार धरा. एक वेगवान, म्हणजे सरकारी फ्रेचारोस्सा आणि खाजगी इटालो. यात तिकिटाबरोबर सीट नंबर येतो. वेटिंग, आरएसी असली भानगड नाही, जागा आहे तर आहे. रोम ते फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्स ते बोलोन्या चाळीस मिनिटांच्या आत. रोम-फ्लोरेन्स हा युरोपातला पहिला हायस्पीड मार्ग, पहिला टप्पा १९७७ ला चालू झाला, पूर्ण व्हायला १९९२ उजाडलं. फ्लोरेन्स-बोलोन्या मात्र खिडकीशी जागा मिळाली म्हणून खूश होऊ नका, जवळजवळ सगळी बोगद्यातूनच जाते.

दुसरी रेजोनाले. आपली पॅसेंजर म्हणा, पण बहुतेक वेळा स्वच्छ आणि एसी. सीट नंबर नसतो, तिकीट संपत नाही, दर ठरलेला. आठवडाभर आधी घ्या नाहीतर पाच मिनिटं आधी, पैसे तेवढेच. रोजच्या फेऱ्यांना हीच वापरा.

सासूबाईंसाठी: रेजोनालेच्या जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच असतात. मोठ्या स्टेशनांवर ‘साला ब्लू’ नावाची मदतसेवा आहे, आधी कळवलं तर चढाउतरायला माणूस आणि व्हीलचेअर देतात, पैसे घेत नाहीत. आपले लोक लाजतात आणि मागत नाहीत. मागा. आणि बॅगा लहान घ्या. हमाल मिळेल या भरवशावर राहू नका.

पिसाची एक युक्ती. फ्लोरेन्सहून सकाळी आधी लुक्काला जा. गावाभोवतीचा जुना तट अख्खा शाबूत आहे, चार किलोमीटरचा, वरून रुंद सपाट रस्ता आणि झाडांची सावली. तटावर चढलं की पुढे चढउतार नाही, गुडघ्यांना त्रास नाही. दुपारी लुक्का-पिसा गाडी धरा, अर्धा तास लागतो, आणि पिसा सेंट्रलच्या आधी ‘पिसा सान रोस्सोरे’ला उतरा. तिथून मनोरा पायी जवळ आहे. सेंट्रलला उतरलात तर गाव ओलांडून यावं लागतं.

मिलानवासी_पंढरपूरकर

काकांनी सगळं छान सांगितलंय. मी इथे नोकरीला आहे, रोज रेजोनालेने जातो, म्हणून थोडी भर.

रेजोनालेचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही, दंड जागेवर. "आम्ही पर्यटक, आम्हाला माहीत नव्हतं" हे इथल्या टीसीने रोज ऐकलेलं असतं. मोबाईलवरच्या तिकिटाला शिक्का नाही, पण चढण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं, लेकाला सांगून ठेवा. वेगवान गाड्यांना यातलं काही नाही.

पास घेऊ नका. चार मुक्कामांच्या प्रवासात वेगवान गाडीची जेमतेम तीन तिकिटं लागतील, आणि पासवर फ्रेचारोस्सात बसायचं तर आरक्षणाचे पैसे वर वेगळे. ही तिकिटं आधी काढा. रोम-फ्लोरेन्स लवकर घेतलं तर वीस-तीस युरोत मिळून जातं, आदल्या दिवशी तेच पन्नासच्या वर. स्वस्त तिकीट बदलता येत नाही किंवा परत होत नाही, तेवढं बघून घ्या.

फलाट क्रमांक गाडीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, आधीपासून फलाटावर जाऊन बसण्यात अर्थ नाही. भिंतीवर दोन तक्ते असतात, पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. बोलोन्याला वेगवान गाड्या बहुधा जमिनीखालच्या फलाटांवर येतात. सरकते जिने उतरत जायचं, दहा मिनिटं जास्तीची धरा.

इथे संप होतात. ‘शोपेरो’ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं. घाबरायचं कारण नाही, तारीख आधी जाहीर होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक रेजोनाले सोडाव्याच लागतात. त्या दिवशी लांबचा बेत करू नका.

तुमच्या तारखांत २ जून येतोय. तो इथला प्रजासत्ताक दिन. रोममध्ये कलोसियमसमोरच्या रस्त्यावर संचलन असतं, सकाळी तो भाग बंद. त्या दिवशी रोममध्ये असाल तर कलोसियम दुसऱ्या दिवशी ठेवा. कलोसियमचं तिकीट नावावर निघतं, दारात पासपोर्टशी ताडून बघतात, म्हणून स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच टाका. फ्लोरेन्सची उफित्झी आणि डेव्हिडच्या पुतळ्याची अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळे रांग बघवत नाही.

व्हेनिसला गावात खोली महाग वाटली तर मेस्त्रेला घ्या. गाडीने दहा-बारा मिनिटं, खाडीवरच्या पुलावरून. रेल्वेचा हा पूल १८४६ चा आहे. सांता लुचिआ स्टेशनच्या बाहेर आलं की पायऱ्यांच्या खाली थेट ग्रँड कॅनॉल, मध्ये रस्ता वगैरे काही नाही. सासूबाईंना पुलांच्या पायऱ्या जड जातील, त्यांना एक नंबरच्या वापोरेत्तोत, म्हणजे पाण्यावरच्या बसबोटीत बसवा, तो पूर्ण कॅनॉलमधून हळूहळू जातो. एकेरी तिकीट साडेनऊ युरो आहे, दिवसाचा पास घेतलेला परवडतो. व्हेनिसमध्ये ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मेस्त्रेत मुक्काम असला तर ते लागत नाही, मात्र आधी ऑनलाइन नोंद करून माफीचा कोड घ्यावा लागतो.

आणि हे सगळं नंतर. आधी व्हिसा. मुक्कामाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, फी मोठ्यांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटसाठी मारामारी असते.

शेंगाचटणी

खाण्याचं मी सांगते ताई, माझ्या आईला घेऊन गेलतो आम्ही, तिचंही तसंच, अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

पिझ्झा-पास्ता आहे म्हणजे झालं, असं सगळे सांगतील. नाही ओ तसं. बोलोन्याकडचा ताजा पास्ता अंडं घालूनच मळतात, ताल्यातेल्ले, लझान्या सगळं. पाकिटातला सुका पास्ता, स्पगेत्ती, पेन्ने वगैरे, तो बहुतेक नुसता गव्हाचा रवा आणि पाणी, तो चालतो. तिकडे पियादिना म्हणून पोळी मिळते, बघून आई किती खूश झाली! विचारलं तर कळलं, जुन्या पद्धतीने डुकराची चरबी घालून करतात. ऑलिव्ह तेलातलीही मिळते, विचारूनच घ्यायची. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण असतं, ते न विचारता वरून भुरभुरतात. सासूबाईंना हे आधी सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आईला सांगितलं नाही, तिने खाल्लं नाही, म्हणजे मी चीज नको म्हणून आधीच सांगून टाकायची.

निर्धास्त काय खाता येतं? मारिनारा पिझ्झा, त्यावर चीजच नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगानो. फ्लोरेन्सला टोमॅटो आणि शिळ्या पावाचं ‘पाप्पा आल पोमोदोरो’, आईला फार आवडलं. पिसाकडे चेचीना मिळते, हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. सूप मागवलंत तर मांसाचं पाणी नाही ना, एवढं विचारा. तीन शब्द लेकाकडून पाठ करून घ्या: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा. मांस नको, मासे नको, अंडं नको.

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. सुपरमार्केटात तांदूळ, मसूर, दही, भाज्या सगळं मिळतं. आम्ही रात्री खिचडीच टाकायचो. जाताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या. मात्र तूप, पेढे, खवा, दूधपावडर असलं काही बॅगेत टाकू नका, बाहेरून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चटणी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाला, नाहीतर सगळ्या कपड्यांना लसणाचा वास येतो आणि मग संग्रहालयात लोक मागे वळून बघतात.

हॉटेलात बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन-तीन युरो लावतात. ती फसवणूक नाही, बसायचे पैसे आहेत. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली की स्वस्त.

होटगीरोड

उन्हाचं मी सांगतो. आपल्या ४३ पुढं काय वाटत नाही, जूनमध्ये ३०-३५ असतंय. पण इथं आपण ४३ मध्ये बाहेर पडतो का बे? पंख्याखाली असतो. तिकडं दिवसभर दगडी रस्त्यावर चालायचं असतंय, हा फरक. दुपारी घरी या, झोपा, पाचला परत बाहेर पडा. जूनमध्ये तिकडं रात्री नऊपर्यंत उजेड असतोय, काय बुडत नाही.

रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नासोने म्हणतात, हजारोंनी आहेत, गार पाणी चोवीस तास वाहत असतंय. वाकून ओंजळ धरायची गरज नाही. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारक्या भोकातून धार उडतीय, तोंड लावायचं. सासूबाईंना वाकावं लागणार नाही.

रोममधलं पॅन्थिऑन, जुनं घुमटाचं देऊळ, चुकवू नका. आपण लहानपणापासून विजापूरला जाऊन गोल घुमटात ओरडून आलेले लोक. गोल घुमट १६५६ ला पूर्ण झाला. हा त्याच्या दीड हजार वर्षं आधीचा, हेड्रियन बादशहाचा, आतून ४३.३ मीटर रुंद आणि बरोबर तेवढाच उंच, लोखंडाची सळई नाही आत. मधोमध वर भोक उघडंच ठेवलंय, पाऊस आत पडतो, म्हणून फरशीला पाणी जायला भोकं आहेत. मी तिथंही हळूच ‘ओ’ केलो. गोल घुमटासारखं सात वेळा काय येत नाही. वर भोंग्यातून गप्प बसा म्हणून सांगतात. तिकीट ५ युरो.

रोमचं टर्मिनी स्टेशन आणि मेट्रो, दोन्हीकडं खिसा सांभाळा. तिकिटाच्या मशिनजवळ कुणी गोड बोलून मदत करायला आला तर नको म्हणा आणि निघा.

सातरस्ता_सोलापूर

सगळ्यांची ऋणी आहे. कागद फाडला, नवीन मांडला. रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या, मेस्त्रे. मिलान गेलं. सिएनाही काढलं. स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर, सरकते जिने आहेत म्हणे, पण वर गेल्यावरही चढउतारच. त्याऐवजी बोलोन्याहून राव्हेना घातलंय. पाठ्यपुस्तकात सम्राट जस्टिनियन एका ओळीत संपतो, त्याचं आणि राणी थिओडोराचं मोझेक सान व्हिताले चर्चमध्ये आहे हे मला माहीत होतं. बोलोन्याहून साध्या गाडीने तासाभरात जाता येतं हे माहीत नव्हतं. शिवाय गाव सपाट आहे. लेकाला व्हेरोना हवंय, मिस्टरांना काहीच नकोय, ते म्हणाले कमानीखाली बसून कॉफी पितो.

काका, दोन शंका. विमानतळावरून रोममध्ये टॅक्सी करू की गाडी? आणि सासूबाईंनी विचारलंय, गाडीत चहा मिळतो का?

माजी_टीसी

सिएना काढलंत, जरा वाईट वाटलं, पण गुडघे तुमच्या घरचे.

विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस थेट टर्मिनीला येते, ३२ मिनिटं, माणशी १४ युरो. तुम्ही चौघं आणि बॅगा, म्हणजे टॅक्सीचाही हिशेब बघा. रोममध्ये विमानतळ ते जुनं शहर टॅक्सीचा दर ठरलेला आहे, मीटर लावत नाहीत. घर टर्मिनीजवळ असेल तर गाडी, नसेल तर टॅक्सी. फक्त अधिकृत पांढरी टॅक्सी, रांगेतली.

राव्हेनाला रोमन राणी गाला प्लाचिदियाची समाधी सोडू नका, सान व्हितालेच्याच आवारात आहे. आत गेल्यावर एकदम काही दिसत नाही, डोळे सरावू द्या, मग निळं छत दिसायला लागतं. आत थांबायची वेळ मोजून असते, त्यामुळे फोन खिशात ठेवा.

चहा: फ्रेचारोस्सात बारचा डबा असतो, तिथे गरम पाण्याच्या कपात पिशवी बुडवून देतात. सासूबाईंना तो चहा आहे हे पटणार नाही. रेजोनालेत तेवढंही नाही. थर्मास घ्या, आलं आणि चहापत्ती इथूनच न्या, दूध तिकडे मिळेल.